फाशी, क्षमा आणि आपली कॉलेजची मुले



मागच्या महिन्यात रविवारची मिस्सा संपल्यावर आपल्या युवा गटातला एक मुलगा थांबला. तो खंडवा रोडवर विद्यापीठात शिकतो आणि भंवरकुआंच्या बाजूला तीन मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. विद्यार्थ्यांची एक वादसभा होती, विषय होता ‘बलात्काऱ्याला फाशी हवीच’. विरोधात बोलायला कुणी तयार होईना, म्हणून याने नाव दिले. ख्रिस्तसभा काय शिकवते ते आपल्याला ठाऊक आहे, एवढ्याच भरवशावर. तो उभा राहिला आणि म्हणाला, जीवन देवाने दिले आहे, ते घेण्याचा अधिकार माणसाला नाही, चर्चची शिकवण अशी आहे. समोरच्या बाकावरच्या एका मुलीने त्याला एकच प्रश्न विचारला : ‘राजवाड्याच्या त्या बाळाच्या आईला हे जाऊन सांगशील?’

तो खाली बसला. टाळ्या तिला मिळाल्या.

‘काका, मी काय बोलायला हवे होते?’ असे त्याने विचारले तेव्हा आम्ही चौघे तिथे होतो, आणि चौघांनी चार वेगवेगळी उत्तरे दिली. एकाने बायबल काढले, एकीने कॅटेकिजमचा परिच्छेद सांगितला, एक जण म्हणाला की अशा सभांना जायचेच कशाला, आणि चौथा, खरे सांगायचे तर, त्या मुलीच्या बाजूचा होता. हा लेख त्या दुपारी सुरू झाला. युवा गटाचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे, तेव्हा तो मुलगा गप्प बसला याचा हिशोब आधी आम्हीच द्यायला हवा.

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. २० एप्रिल २०१८ च्या पहाटे राजवाड्याच्या परिसरात आईवडिलांजवळ उघड्यावर झोपलेली काही महिन्यांची मुलगी एका माणसाने उचलून नेली, तिच्यावर अत्याचार केला आणि तिला ठार मारले. आईवडील फुगे विकून पोट भरणारे. सारे शहर हादरले. त्याच एप्रिलमध्ये बारा वर्षांखालील मुलींवरील बलात्कारासाठी फाशीची तरतूद करणारा केंद्राचा अध्यादेश आला. मध्य प्रदेश विधानसभेने तसे विधेयक आधीच, ४ डिसेंबर २०१७ रोजी, एकमताने मंजूर केले होते. राजवाड्याच्या खटल्यात १२ मे २०१८ रोजी फाशीची शिक्षा झाली. घटनेपासून निकालापर्यंत जेमतेम तीन आठवडे.

त्या दिवसांत आम्हीही मेणबत्त्या घेऊन उभे होतो. ‘फाशी दो’ लिहिलेले फलक आमच्यातल्याही काहींच्या हातात होते, आणि त्यातला एक तर चर्चच्या हॉलमध्ये रंगवला गेला, धर्मशिक्षणाच्या वर्गातले पोस्टर रंग घेऊन. तेव्हा कुणालाच त्यात काही विसंगत वाटले नाही.

आता त्या दिवसांच्या आगेमागे काय घडत होते ते पाहा. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी, म्हणजे विधानसभेत ते विधेयक मंजूर होण्याआधी बरोबर एक महिना, याच शहरात सेंट पॉल शाळेच्या मैदानावर सिस्टर राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. आम्ही त्या दिवशी स्वयंसेवक होतो. लोकांना पाणी वाटले, रांगा लावल्या, केरळहून आलेल्या वृद्धांना हात धरून मंडपात नेले. ज्या समुंदर सिंगने २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये त्यांच्यावर सुरीचे वार केले होते, तोही त्या सोहळ्याला आला होता. त्याच्याकडे पाहून आमच्या डोळ्यांत पाणी आले होते. पाच महिन्यांनी त्याच डोळ्यांनी आम्ही ‘फाशी दो’चे फलक वाचले. आणि २ ऑगस्ट २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिजमच्या २२६७ व्या परिच्छेदात बदल केल्याचे जाहीर झाले : मृत्युदंड अस्वीकार्य आहे, कारण तो माणसाच्या प्रतिष्ठेवरचा आघात आहे, आणि तो जगभरातून नाहीसा व्हावा यासाठी ख्रिस्तसभा काम करील. हे सगळे नऊ महिन्यांत घडले. आपल्या व्यासपीठावरून या बदलाविषयी किती वेळा ऐकले, हे ज्याने त्याने आठवावे.

म्हणून त्या मुलाच्या मौनाचे आम्हाला नवल वाटले नाही. गर्भपाताचा विषय निघाला की आमची मुले तयार असतात. १९७१ चा कायदा, २०२१ ची दुरुस्ती, चोवीस आठवडे, सगळे त्यांना पाठ असते. प्रत्येक जीव मोलाचा, हे वाक्यही पाठ असते. मग फाशीचा विषय येतो आणि तेच तोंड बंद होते किंवा उलट बाजूला वळते. विद्यापीठातली मुले मूर्ख नसतात, ती हे बरोबर टिपतात. ‘तुमचा प्रत्येक जीव म्हणजे नेमका कुणाचा?’ असे एकाने विचारले तर काय सांगणार? दोन्ही प्रश्न अगदी एकच आहेत असेही नव्हे. निरपराध जीव मुद्दाम घेणे ख्रिस्तसभेने कधीच मान्य केले नाही, तर गुन्हेगाराच्या बाबतीत तिची शिकवण काळानुसार उलगडत गेली. हा फरक मुलांना शिकवायला हवा, लपवायला नको.

लपवण्याचा मोह फार होतो. ‘पण चर्चनेच शेकडो वर्षे फाशी चालवली ना?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर ‘हो’ असेच आहे. पोपमहोदयांचे स्वतःचे राज्य १८७० पर्यंत होते, त्यात मृत्युदंड दिले जात. व्हॅटिकन सिटीच्या कायद्यातही पोपवरील प्राणघातक हल्ल्यासाठी मृत्युदंडाची तरतूद होती, ती १९६९ मध्ये गेली. हे कबूल करून पुढे बोलणाऱ्याचे लोक ऐकतात. पुढे बोलायचे ते असे की, समाजाचे रक्षण करायला दुसरा उपाय नसेल तरच, असे त्या परवानगीमागचे जुने कारण होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५ च्या आपल्या परिपत्रकात म्हटले की आजच्या तुरुंगव्यवस्थेत अशी वेळ जवळजवळ येतच नाही. राणी मारिया यांच्या हत्येला त्या दिवशी बरोबर एक महिना झाला होता. पुढे पोप फ्रान्सिस यांनी उरलेली फटही बंद केली.

आता वादसभेत उभे राहून ‘चर्च म्हणते’ याने सुरुवात करणे, ही आमच्या मते पहिली चूक. समोरच्या शंभरातले अठ्ठ्याण्णव जण चर्चचे नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते वाक्य म्हणजे ‘माझ्या आजोबांनी सांगितले आहे’ असे म्हणण्यासारखे आहे. आपली शिकवणच सांगते की नीतीचा नियम माणसाच्या बुद्धीत कोरलेला आहे, तो बाप्तिस्मा न झालेल्यालाही विचार करून कळू शकतो. मग विचारानेच सुरुवात करू या. विचारासाठी फार दूर जायला नको, नाशिकला जाऊ या.

जून २००३. नाशिकजवळ शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला, पाच माणसे मारली गेली, बलात्कार झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडले गेले. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. म्हणजे देशाच्या सर्वात वरच्या न्यायालयाने सहा जणांच्या मरणावर शिक्कामोर्तब केले होते. पुढे त्याच न्यायालयाने प्रकरण पुन्हा उघडले आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. त्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. सोळा वर्षांचे पाच लाख. पण ते रुपये घ्यायला माणसे जिवंत होती. दहा वर्षे आधी दोर ओढला असता तर चेक कुणाच्या नावाने काढला असता?

आणि राजवाडा? तिथेही तेच झाले, हे आमच्यापैकी बहुतेकांना माहीतसुद्धा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फाशी रद्द केली. खटला इतक्या घाईने चालवला गेला की आरोपीला बचावाची धड संधीच मिळाली नाही, असे म्हणून न्यायालयाने तो नव्याने चालवायला सांगितले. आरोपी निर्दोष आहे असे न्यायालयाने म्हटले नाही, आम्हीही म्हणत नाही. पण ज्या तीन आठवड्यांचा आम्हाला अभिमान वाटला होता, त्यांनी त्या आईवडिलांना साडेपाच वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर आणून उभे केले. घाई आमची, भोगणार ते. तो निकाल आम्ही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचला. त्या दिवशी कुणी मेणबत्ती लावली नाही.

एवढे बोलले तरी त्या मुलीचा प्रश्न शिल्लकच राहतो. खटला निर्दोष चालला, पुरावा पक्का आहे, माणूस खरोखर तोच आहे, मग? इथे आपले लोक दुसरी चूक करतात, आणि ती अधिक गंभीर आहे. ते सिस्टर सेल्मींना पुढे करतात.

गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. सेल्मी पॉल या राणी मारियांच्या सख्ख्या धाकट्या बहीण, त्याही धर्मभगिनी. ऑगस्ट २००२ मध्ये, राखीच्या दिवसांत, त्या तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्जावर सह्या केल्या. २००६ मध्ये तो सुटला, केरळला जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांना भेटला. आज आमच्या धर्मप्रांतातले पोरसुद्धा ही गोष्ट सांगते. आमच्या मुलालाही नंतर सुचले होते की आपण हेच सांगायला हवे होते : ‘बघा, आमच्या सिस्टरने क्षमा केली.’

आम्ही त्याला म्हटले, बरे झाले तू ते बोलला नाहीस. सेल्मी सिस्टर क्षमा करू शकल्या, कारण मेलेली बहीण त्यांची होती. ती क्षमा त्यांची, त्यांच्या आईवडिलांची. ती उचलून दुसऱ्या बाईसमोर धरायची आणि ‘हिने केली, तू का नाही करत?’ असे सुचवायचे, हा त्या बाईवर केलेला आणखी एक जुलूम आहे. येशूने वधस्तंभावरून क्षमा केली ती स्वतःला खिळे मारणाऱ्यांना. बाजूला उभ्या असलेल्या आपल्या आईला त्याने ‘तूही यांना क्षमा कर’ असा आदेश दिला नाही, तिला सांभाळायला माणूस दिला.

शिवाय ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. समुंदर सिंग पकडला गेला, खटला झाला, जन्मठेप झाली, त्याने अकरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला. राखी बांधली गेली ती सात वर्षांनी. ख्रिस्तसभा शिक्षा नको असे म्हणत नाही. गुन्हेगाराला बंद ठेवा, समाजाला त्याच्यापासून वाचवा, हे ती ठामपणे म्हणते. फाशी नको हे ती पीडितांच्या क्षमेवर अवलंबून ठेवत नाही. आईने क्षमा केली नाही, कधीच केली नाही, तरीही फाशी नको. कारण राज्याने कैद केलेला, हातपाय बांधलेला माणूस आता कुणाला मारू शकत नाही. त्याला मारणे म्हणजे रक्षण नव्हे. तो अजूनही माणूस आहे, आणि त्याला पश्चात्तापाला जेवढा वेळ देवाने दिला आहे तेवढा आपण कापू नये. समुंदर सिंगला १९९६ मध्ये फासावर चढवले असते तर २००२ ची राखी बांधायला मनगट नसते. ही गोष्ट वादात वापरायची असेल तर एवढ्यापुरतीच वापरावी.

‘पण जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, मग तो मोकाट’ हे पुढचे वाक्य असते, आणि आमच्यातल्या अर्ध्या लोकांनाही तसेच वाटते. ते चूक आहे. गोपाळ गोडसेने हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात नेला होता, तेव्हा १९६१ मध्ये न्यायालयाने सांगितले की जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य. सरकारने सूट दिली तर गोष्ट वेगळी. २००८ पासून तर सूट मिळणारच नाही अशी जन्मठेपही सर्वोच्च न्यायालय देत आले आहे. एवढे माहीत असलेला विद्यार्थी वादसभेत निम्मी लढाई शांतपणे लढू शकतो, एकदाही ‘चर्च’ हा शब्द न उच्चारता.

आणि ‘त्या आईला सांगशील?’ याचे उत्तर आम्हाला सुचते ते असे : नाही, सांगणार नाही. तिला काही सांगायला जायचे नसते, तिच्याजवळ बसायला जायचे असते. तिचे नाव फाशीच्या बाजूने वापरू नये आणि विरोधातही वापरू नये. हे उत्तर बरोबर आहे अशी आमची खात्री आहे, पण ते द्यायला आम्हाला लाज वाटते. कारण आम्ही बसायला गेलो नाही. मेणबत्त्या विझल्यावर आम्ही घरी आलो. ते कुटुंब त्या पावसाळ्यात कुठे झोपले, त्यांना कुणी वकील मिळवून दिला का, हे आम्ही कधी विचारले नाही. तीन किलोमीटरवर होते ते. शिकवण खरी असूनही तोंडात अडखळते, ती अशाने.

यंदा २५ फेब्रुवारीला आम्ही मुलांना घेऊन उदयनगरला गेलो. राणी मारियांची कबर तिथल्या चर्चमध्ये आहे. त्या मुलाने वादसभेतल्या त्या मुलीला विचारले होते आणि ती आली, तिची एक मैत्रीणही आली. दोघी ख्रिस्ती नाहीत. आम्ही तिला काही समजावायला गेलो नाही. उपवासकाळातली साधी डाळ-खिचडी सगळ्यांनी मिळून खाल्ली. आदिवासी शेतकऱ्यांना सावकारांच्या तावडीतून सोडवायला सिस्टर तिथे काय काय करत होत्या, ते गावातल्या लोकांकडून ऐकले. त्याची तिने वहीत नोंद केली. समुंदर सिंगविषयी मात्र ती परतताना बसमध्ये बोलली.

‘काका, तुम्ही सकाळी म्हणालात जन्मठेप म्हणजे आयुष्यभर. मग हा अकरा वर्षांत सुटला कसा? दोन्ही गोष्टी एकाच भाषणात कशा वापरता?’

आम्ही म्हटले, घरच्यांनी स्वतः मागितले, म्हणून सुटला.

‘आणि घरच्यांनी न मागता सोडले तर? बिल्किस बानोच्या अकरा जणांना ऑगस्ट २०२२ मध्ये सोडले, तिला कुणी विचारले होते? जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत आत टाकले म्हणून, नाहीतर? फाशी नको म्हणता, तर सुटका कोण ठरवणार ते आधी सांगा.’

आमच्या मुलाने खिडकीतून तोंड वळवले आणि या वेळी तो गप्प बसला नाही. म्हणाला, पीडिताला विचारल्याशिवाय सूट नाही असा नियम का नसावा? ती म्हणाली, पीडित मेली असेल तर? त्यावरून इंदूर येईपर्यंत दोघांचे चालले होते. पुढच्या सीटवरचे एक आजोबाही त्यात पडले.

येत्या रविवारी नऊच्या मिस्सानंतर हॉलमध्ये हाच विषय आहे : शिक्षेतली सूट, ती कुणी द्यावी आणि कुणाला विचारून. ती मुलगी येणार आहे, आमच्यातला फाशीच्या बाजूचा चौथाही येणार आहे. पोहे-जलेबीची सोय आहे. ज्यांच्या घरी २०१८ चा तो फलक अजून असेल, त्यांनी तोही घेऊन यावा.